मागची सीट

गाडी घेतली ती एका इजिप्शियन मास्तरांकडून, जुनीच.
तेव्हापासूनची तिची ही खोड:
इंजिन बंद केलं की पाच वेळा टुणटुण,
आणि समोर पिवळी अक्षरं, आधी अरबी, मग इंग्रजी.
मागची सीट पाहा.
न पाहता खाली उतरून चार पावलं गेलं
तर हॉर्न. साऱ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा.

दहा किलो कांद्यांसाठी वाजली.
इस्त्रीच्या युनिफॉर्मसाठी वाजली.
चर्चच्या जेवणाला नेलेल्या पातेल्यासाठी,
आणि ते रिकामं परत आणलं त्यासाठीही.
एकदा तर मागे काहीच नव्हतं,
नुसतं अडकलेलं दार उघडून नीट लावलं होतं.
सासू बरी, मी म्हणायचे,
ती निदान दुपारी झोपते.

गॅरेजातले परकार, मूळचे खेडचे,
हात पुसत म्हणाले, ताई, तिला डोळे नाहीत.
निघताना मागचं दार उघडलं होतं,
पोचल्यावर उघडलं नाही,
एवढाच हिशोब तिला येतो.
मागे मूल आहे की मेथी, तिला काय ठाऊक!
बंद करून देऊ? दोन मिनिटांचं काम.
मला ड्यूटी गाठायची होती.
म्हटलं, पुढच्या सर्व्हिसिंगला करा.

ऑगस्ट. बारा तासांची रात्र,
पहाटे तीनला एक आजोबा गेले, त्यांचे कागद.
नवरा आदल्याच दिवशी रिगवर गेलेला,
म्हणून नोएल रात्रभर लिसम्माचेचीकडे.
एरवी मी सकाळी एकटीच घरी येते.
एरवी.
तिच्या दारातून त्याला खांद्यावर घेतलं, झोपेतच.
पट्टा लावला, क्लिक ऐकला,
कपाळाला हात लावून पाहिला, सवयीनं.
मग तीस नंबरचा हायवे, डाव्या काचेतून ऊन,
मग मंगाफचा सिग्नल,
आणि मग मी एरवीची झाले.

टुणटुण.
हो गं बाई, म्हटलं.
पर्स, डबा, किल्ली.
वाळूच्या पार्किंगमधून लिफ्टकडे,
डोक्यात फक्त पंखा आणि उशी.
मागून हॉर्न.
हारिसनं झाडू थांबवून पाहिलं.
एक बाई बाल्कनीत आली.
साडेसात वाजता, शुक्रवारी, लोक झोपलेले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही:
मी मुलासाठी वळले नाही.
मी हॉर्नला गप्प करायला वळले,
दात आवळून,
त्या इजिप्शियनला मनातल्या मनात बोल लावत.

एक मोजा पायात, एक खाली.
केस कपाळाला चिकटलेले.
ओठाच्या कोपऱ्यात सुकलेलं दूध,
आणि तो झोपेत काहीतरी चघळत होता,
निवांत.
आतली हवा तव्यासारखी व्हायला लागली होती,
नुकतीच.

मला अठरा खाटांचे डोस तोंडपाठ असतात.
कुणाला पेनिसिलिन चालत नाही,
कुणाची मुलगी कुठल्या गावी, तेही.

आई मिरजेहून फोनवर सांगते,
पेपरात आलंय, कुठल्याशा बाईनं म्हणे मूल गाडीत...
आईला का कधी विसर पडतो?
मी म्हणते, आवाज तुटतोय गं.
चष्मा डोक्यावर ठेवून मी घरभर शोधायचे,
तेव्हा हीच हसायची:
काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पुढच्या सर्व्हिसिंगला परकारांनी आठवण ठेवून विचारलं,
ते बंद करायचं होतं ना?
मी म्हटलं, राहू दे.
ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले,
मग ऑइलचं बिल करू लागले.

नोएल आता साडेचार वर्षांचा.
पट्टा स्वतः काढतो, माझ्याआधी उतरतो,
लिफ्टचं बटण त्यालाच दाबायचं असतं.
तो शाळेत असला तरी कधी गाडी वाजते,
दप्तर मागे टाकलेलं असतं, किंवा भाजी,
किंवा नुसतंच दार.
मी परत जाते. उघडते.
बिस्किटाचा चुरा. एक उलटा मोजा.
हात फिरवते सीटवर, ऊन लागतं तळव्याला.
लावते.
गप्प होते ती.